चवीची वही

आमच्या घराण्यात जमिनीचा प्रश्न निघाला की थोरल्या भावाला फोन जातो, लग्नाचा निघाला की मधल्या वहिनीला, आणि पोरांच्या डब्याचा निघाला की मला. माणसाला कशात ना कशात नाव मिळावं लागतं. मला ते पोळीच्या गुंडाळीत मिळालं.

परवा किकवीहून पुतणीचा फोन आला. रेश्मा तिचं नाव. तिची आरू यंदा पहिलीत गेली.

"काका, एक सांगा. आरूला शाळेतली खिचडी खाऊ देऊ, का घरनं डबा देऊ? सासूबाई म्हणतात डबाच द्यायचा, लोक काय म्हणतील. हे म्हणतात, शाळेत ताजं मिळतंय तर मिळू दे. आणि मला सकाळी सातची कंपनीची गाडी. तुम्ही सांगाल तसं."

मी घसा साफ केला. सल्ला द्यायच्या आधी मी घसा साफ करतो, त्यानं सल्ला वजनदार होतो असा माझा समज आहे. तेवढ्यात खिडकीखालून टेम्पो गेला. मागे दहा-बारा बायका उभ्या, डोक्यावरून प्लास्टिकचे कागद, हातात भाकरीची फडकी. भोरातून वरच्या गावांना भातलावणीला निघाल्या होत्या. कागदांचा फडफडाट वळणापर्यंत ऐकू आला आणि माझा साफ केलेला घसा तसाच राहिला.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"एवढा विचार करायचा प्रश्न आहे का, काका?"

"आहे बाई."

माझ्या लेखी लावणीला एक वास आहे. लोकांना चिखलाचा येतो, रोपांचा येतो. मला ओल्या लाकडाच्या धुराचा आणि त्यात मिसळलेला हळदीच्या भाताचा येतो. तो एका वर्षाचा वास आहे. मधे पंधराएक पावसाळे गेले, पण लावणी म्हटली की मला तीच लावणी आठवते.

त्या वर्षी आम्ही हिर्डोशीच्या पुढं, घाटाच्या अलीकडं एका गावात राहत होतो. बायको तिथल्या उपकेंद्रात नर्स. मी शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात होतो, तो बंद पडला होता. दुसरं काही मिळेपर्यंत मी घरी. गावाला माझं नाव कधी कळलंच नाही. मी 'शिष्टरचं मालक'. मालक कशाचा, हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं. सकाळी बायको पिशवी घेऊन वाड्यावस्त्यांवर लसी टोचायला निघायची, आमची मनू तिसरीत, ती दप्तर घेऊन शाळेत निघायची आणि मालक दारात उभे राहून दोघींना हात करायचे. मग दिवस समोर पडलेला असायचा, नांगरट न झालेल्या रानासारखा.

त्या रिकामपणात मला डबा सापडला.

शाळेत दुपारी खिचडी मिळायची. पोरं घरून ताटं न्यायची, व्हरांड्यात ओळीनं बसायची. मनूही आधी दोन वर्षं तिथंच जेवत होती आणि तिचं काही बिघडलं नव्हतं. पण मी ठरवलं की बिघडतंय. कारणं मी पुष्कळ दिली. सरकारी तांदळात खडे असतात. पोरगी वाळलीय. रोज तेच तेच. बायकोनं वजनकाटा आणून मनूला त्यावर उभी केली आणि म्हणाली, "हिच्या वयाला बरोबर आहे. तुम्ही उभे राहता का?" मी राहिलो नाही.

खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. घरात राहून आपण काहीतरी करतो आहोत हे दिसायला हवं होतं. डबा दिसतो. सकाळी भरलेला दिसतो, संध्याकाळी रिकामा दिसतो. कारखान्यात मी अकरा वर्षं काढली, पण माझ्या कामाचं असं रिकामं झालेलं भांडं मला कधी कुणी परत आणून दाखवलं नव्हतं.

तर मी भोरच्या बाजारातून तीन खणांचा स्टीलचा डबा आणला आणि सुटलो. वाटीनं कापलेल्या चांदोबाच्या पुऱ्या. बटाट्याची भाजी, तिच्यात मनुके. मनुके का, मला विचारू नका. पोळीला गूळतूप लावून तिची गुंडाळी आणि गुंडाळीचे तिरके तुकडे. काकडीच्या चकत्यांना काट्यानं नक्षी. एकदा शेवया शिजवून त्यावर लाल सॉस. त्या दिवशी मनू घरी येऊन म्हणाली, "बाबा, सगळे माझा डबा बघायला आले होते." मी वरकरणी "बरं बरं" म्हणालो आणि रात्री झोपताना उद्याच्या पुऱ्यांचा आकार ठरवला.

मनूनं मात्र डबा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक सांगून टाकलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मी पीठ मळत होतो. ती म्हणाली होती, "डबा चांगला आहे, बाबा. पण डब्याला कुणी वाढत नाही ना."

"म्हणजे?"

"हौसामावशी ओळीतनं येते आणि विचारते, वाढू का आनिक? डब्यात जेवढं आहे तेवढंच असतं."

आठेक वर्षांची पोर. मी तिला म्हणालो, उद्या आणखी दोन पुऱ्या घालतो.

हौसाबाई शाळेत खिचडी रांधायची. पन्नाशीची, काटक, बौद्धवाडीतली. नवरा नव्हता, मुलगा पुण्याला मजुरीला. शाळेच्या मागं पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली दगडाची चूल, तिथं ती सकाळी नऊपासून धुराशी भांडत असायची. पावसाळ्यात लाकडं भिजलेली. ती फुंकणीनं फुंकायची आणि चुलीला शिव्या द्यायची, पण हळू आवाजात, भिंतीपलीकडं पाढे चाललेले असत म्हणून.

गावात वरच्या आळीची दोन घरं होती, त्यांची पोरं हौसाबाईच्या हातचं खात नसत. ती मधल्या सुट्टीत घरी पळायची आणि खाऊन परत यायची. कारण कुणी स्पष्ट बोलत नसे. विचारलं तर सांगत, "आमच्या पोरान्ला हळद बाधती." त्याच घरांत लग्नात आठ दिवस हळद चालायची, पण ती हळद वेगळी असावी. हे सगळ्या गावाला कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मीही बोलत नव्हतो. मी तर परगावचा.

आषाढ चढला आणि लावणीनं गाव धरलं. त्या दिवसांत घरात माणूस सापडत नाही. म्हातारी असो की नवी सून, पहाटे भाकरी थापायची आणि उजाडायला खाचरात. आज याच्या रानात, उद्या त्याच्या, एकमेकांच्या मदतीनं लावणी पुढं सरकते आणि एक दिवस चुकला तर सगळ्यांचंच बिनसतं. गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस, वाकलेली रांग. मीही दोनदा गेलो. मी लावलेली रोपं संध्याकाळपर्यंत तरंगून बांधाला लागली. तेव्हापासून मला मुठी पोचवायचं काम मिळालं, म्हणजे रोपांच्या जुड्या इकडून तिकडं टाकायच्या. त्यातही एक जुडी नेम चुकून एका आजीच्या पाठीत बसली.

"मालक," आजी न वळता म्हणाली, "तुमी घरीच बरं. पुऱ्या लाटा."

सगळी रांग हसली. पण हसू विरल्यावर तिच्या पलीकडची बाई म्हणाली, "त्या पुऱ्यांनीच तर मेलो आमी. माझा बाळ्या कालधरनं खिचडी खाईना. म्हनतो, मनूसारखा डबा दे. आता म्या इथं चारला उठून भाकरी बडवायच्या का चांदोबा कातरायचे?"

"आमची बी तीच गत," दुसरी म्हणाली. "शिष्टरच्या मालकाच्या हौशीपायी आमची झोप गेली बगा."

मी हसण्यावारी नेलं. मनातून मला बरंही वाटलं, हे आता लिहिताना कबूल करतो. माझ्या डब्याची चाल गावात पडली होती.

ती चाल काय होती ते मला शाळेत दिसायला हवं होतं. कारण त्याच पंधरवड्यात मी रोज शाळेत जात होतो. नियम असा होता की खिचडी पोरांना वाढायच्या आधी एका पालकानं येऊन चव घ्यायची आणि वहीत शेरा लिहून सही करायची. पालकांच्या पाळ्या लावलेल्या. पण लावणीत पालक कुठला सापडायला? गुरुजींनी गावभर नजर फिरवली आणि रिकामा असा एकच माणूस त्यांना दिसला.

"तुमचं मोठं सहकार्य होईल," गुरुजी म्हणाले. गुरुजी भले माणूस. रिकामा या शब्दाऐवजी त्यांनी सहकार्य वापरला.

तर रोज बाराच्या सुमारास मी छत्री घेऊन चुलीपाशी जायचो. हौसाबाई पळीभर खिचडी ताटलीत काढायची. मी फुंकर घालून खायचो, डोळे मिटायचो, जरा वेळ थांबायचो. थांबायची गरज नव्हती, पण परीक्षक थांबतात. मग व्हरांड्यातल्या खिळ्याला दोरीनं टांगलेली वही काढून लिहायचो: 'चव चांगली. भात मऊ.' दुसऱ्या दिवशी: 'चव चांगली. मटकी शिजलेली.' ज्या गावात इंद्रायणी पिकतो आणि उकळी आली की शेजारच्या घरापर्यंत वास जातो, तिथं सरकारी तांदळाला चव आणायची म्हणजे हाताला काहीतरी असावं लागतं. हौसाबाईच्या हाताला ते होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "एक इचारू का, मालक?"

"विचारा की."

"रोज लिवता चव चांगली. आन् लेकीला डबा देता. मंग वही खरी का डबा खरा?"

मी म्हणालो, मनूला जरा वेगळं लागतं, नाजूक आहे. हौसाबाई "व्हय व्हय" म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. पातेलं मोठं होतं. त्या दिवशी त्याचा तळ झाकेल एवढंच तिनं शिजवलं होतं, तरी त्यातलं उरलं. डब्यांचा घोळका व्हरांड्याच्या या टोकाला, आणि ओळीत सहा-सात पोरं, ताटात मान घालून. पूर्वी ओळीत सगळी शाळा असे, तेव्हा ती शाळेची खिचडी होती. आता ज्यांना डबा नाही त्यांची झाली होती. मी हे बघितलं. बघितलं आणि लिहिलं: 'चव चांगली. मीठ बेताचे.'

मग तो दिवस आला. गुरुजी भोरला बैठकीला गेलेले, दुसऱ्या बाई दोन्ही वर्ग एकत्र बसवून कविता म्हणून घेत होत्या. मी नेहमीपेक्षा जरा लवकर पोचलो. चुलीमागून बघतो तर हौसाबाईनं पातेल्यातली खिचडी एका लहान ॲल्युमिनियमच्या डब्यात दाबून भरली, झाकण लावलं, पदरानं डबा पुसला आणि पदराखाली धरून वर्गाच्या मागच्या खिडकीकडं निघून गेली. परत आली तेव्हा हात मोकळे.

कारखान्यात दारावर झडती असायची, त्या सवयीचा माणूस मी. मला वाटलं, मला कळलं. चव घेतली. वही काढली. आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'चव चांगली. परंतु वाढण्यापूर्वी भात डब्यातून बाहेर नेला जातो. चौकशी व्हावी.' खाली सही. 'परंतु' लिहिताना मला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटलं.

वही खिळ्याला टांगून मी घरी आलो. गावात वाचता येणारी माणसं थोडी असतात असा शहरी माणसाचा समज असतो. तीन वाजता वरच्या आळीतली एक आजी नातवाला न्यायला शाळेत आली. नातवाला जोडाक्षरं येत होती. त्यानं वही मोठ्यानं वाचली.

दिवेलागणीला बायको घरी आली ती पिशवी न ठेवताच बोलायला लागली.

"अहो, तुम्ही काय लिहून ठेवलंत? रस्त्यानं तीन जणांनी मला थांबवलं. वरच्या आळीचे म्हणतायत, आम्ही म्हणतच होतो. उद्या गुरुजी आले की खिचडीची बाई बदला म्हणून जाणार आहेत."

"मी डोळ्यांनी बघितलं."

"काय बघितलंत?"

मी डबा, पदर, खिडकी सगळं सांगितलं. मनू कोपऱ्यात चित्र रंगवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तो सुलीचा डबा आहे."

सुली मनूच्याच वर्गातली. आई नव्हती, बाप पुण्याला टेम्पोवर. ती आजीजवळ राहायची आणि आजी लावणीच्या मजुरीला अंधारात निघून जायची.

"सुलीचा डबा हौसामावशीकडं कसा?" मी विचारलं.

"तिच्याकडं डब्यात घालायला काही नसतं ना. आणि ओळीत बसलं की बाळ्या चिडवतो, बिनडब्याची म्हणून. मग ती उपाशी राहायला लागली. मग हौसामावशीनं सांगितलं, रिकामा डबा दे, मी भरते. मागच्या खिडकीतनं देते. मग सुली डबा घेऊन आमच्यात बसते."

"आणि तुम्हाला माहितीये?"

"सगळ्यांना माहितीये. बाळ्याला पण. आम्ही झाकण उघडताना बघत नाही. मग विचारतो, सुले, आज काय आणलंस? ती म्हणते, भात. आम्ही म्हणतो, अरे वा."

मनूनं पिवळा खडू ठेवला आणि हिरवा घेतला. बायको माझ्याकडं बघत होती. ती भांडते तेव्हा मला बरं वाटतं, कारण उत्तर देता येतं. त्या दिवशी ती भांडली नाही.

"त्या दोन घरांना इतके दिवस कारण सापडत नव्हतं," ती म्हणाली. "आधी तुम्ही डबा देऊन त्यांना सोबत दिलीत. आता कारण दिलंत."

मला म्हणायचं होतं की माझ्या मनात तसं काही नव्हतं. पण माझ्या मनात काय होतं हे गावाला कसं कळणार? गावाला डबा दिसत होता. रोज चव चांगली म्हणणारा माणूस स्वतःच्या पोरीला तिथं जेवू देत नाही, एवढं दिसत होतं. त्याचा अर्थ लावायला लोकांकडं जुना तयार अर्थ होता. आणि माझ्या मनात तो अगदीच नव्हता का, हे मी त्या रात्री स्वतःला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलली.

सकाळी मी चांदोबा कातरले नाहीत. मनूच्या हातात ताट दिलं आणि तिच्याबरोबरच शाळेत गेलो. चूल थंड होती. पातेलं पालथं. गुरुजी हातात वही घेऊन उभे.

"पान फाडता येईल का, गुरुजी?"

"पानांना आकडे आहेत," गुरुजी म्हणाले. "आणि आता फाडून तरी काय? सगळ्यांचं पाठ झालंय."

"हौसाबाई?"

"लावणीला गेली. ओढ्याखालच्या खाचरात. तिला काय, लावणीत हात कुणाला नकोयत? इथल्यापेक्षा जास्त मजुरी आहे." मग वही मिटत म्हणाले, "ती एवढे दिवस इथं थांबली होती, हेच विशेष होतं."

मी तिथंच वहीत खाली लिहिलं, वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली, शर्टाखाली खोचली आणि ओढ्याकडं निघालो.

खाचरात चौदा-पंधरा बायका वाकलेल्या होत्या. पाऊस बारीक होता. बांधावर माझी छत्री दिसताच कुणीतरी म्हणालं, "आलं, साहेब चौकशीला आलं." हौसाबाई रांगेच्या मधोमध. तिनं मान वर केली नाही. डावा हात मूठ सोडवत होता आणि उजवा चिखलात रोप रोवत होता, मागं मागं सरत.

"हौसाबाई, माझं चुकलं," मी बांधावरून म्हणालो.

"ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "पावसाचा आवाज हाय."

पावसाला आवाज नव्हता. मी चपला काढल्या, पँट वर केली आणि चिखलात उतरलो. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतलो. पाठीत जुडी खाल्लेली ती आजी तिथंच होती. "अगं बाई, ह्यास्नी कुनीतरी लावा रोपाबरोबर," ती म्हणाली.

"माझं चुकलं," मी पुन्हा म्हणालो, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "डबा सुलीचा होता. मला माहीत नव्हतं."

"म्हाईत नव्हतं तर इचारायचं व्हतं," हौसाबाई म्हणाली. "मी काय चार कोसावर व्हते? पळीभर अंतर व्हतं आपल्यात. रोज माझ्या हातनं खात व्हता."

मी उभा राहिलो. उभं राहिलं की आणखी रुततं.

"लिवलेलं पुसता येतंय का?"

"पुसता येत नाही. खाली लिहिता येतं. लिहिलंय."

"मंग वाचा. तेबी पोरानं मोठ्यानंच वाचलं म्हनं."

मी शर्टाखालून पिशवी काढली, पिशवीतून वही. एका हातात छत्री, एका हातात वही. रांग सरळ झाली. पंधरा बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, लावणीत असं कधी होत नाही. मी वाचलं: 'काल लिहिले ते चूक आहे. भात बाहेर जात नव्हता. ज्या मुलीला माझ्या मुलीच्या डब्यामुळे ओळीत बसण्याची लाज वाटू लागली, तिच्यापर्यंत तो नेला जात होता. चौकशी माझी व्हावी. आजपासून माझी मुलगी ओळीत बसेल. चव नेहमीच चांगली होती.' खाली सही.

मग बाळ्याची आई म्हणाली, "म्हंजे उद्यापास्नं चांदोबा बंद?"

"बंद," मी म्हणालो.

"हौसाक्का, जा गं बाई मग," ती म्हणाली. "मला तरी झोपू दे."

तेव्हा कुठं हशा झाला. हौसाबाई हसली नाही. तिनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"आता लगीच कशी येऊ? बांधापतुरची पात धरलीय, ती पुरी करावी लागंल. अर्ध्यावर सोडून जायची रीत न्हाई. मुठी द्या हातात. फेकू नका."

मी मुठी दिल्या. एकेक, हातात. बांधाला पोचायला तासभर लागला. बांधावर तिनं ओढ्याच्या पाण्यात पाय धुतले, प्लास्टिकचा कागद झटकला आणि म्हणाली, "पोरं भुकेजली असत्याल. वाळकी लाकडं तुमच्या घरी हायती का?" होती. मी दोन फेऱ्यांत आणली. खिचडी त्या दिवशी दोन वाजता झाली. मी चव घ्यायला गेलो तर तिनं ताटली दिली नाही. "ताट आना घरनं. पळीभर चाखून कुनाला कळलंय?" त्या दिवशी मी ओळीत बसून जेवलो, मनू आणि सुलीच्या मधे. हौसाबाई समोरून गेली तेव्हा तिनं विचारलं, "वाढू का आनिक?" पोरांना विचारत होती त्याच आवाजात, त्याहून गोड नाही आणि कडूही नाही.

पण डबे एका दिवसात बंद झाले नाहीत. पोरांना तोंडी लावायला काहीतरी घरचं हवंसं झालं होतं. तोड बायकोनं काढली. तीन खणांचा तो डबा तिनं लिंबाच्या लोणच्यानं भरला आणि म्हणाली, "हा ओळीला द्या." दुसऱ्या दिवशी बाळ्याच्या आईनं काकड्या पाठवल्या, मग कुणी कांदे, कुणी शेंगदाण्याची चटणी. लावणीत पहाटे उठून करायचं काही नाही, जे घरात आहे ते एका दिवशी एका घरनं. डबा माझा, फिरायचा सगळ्यांच्या ताटांवरून.

वरच्या आळीचे लोक गुरुजींकडं गेलेच नाहीत. जायला कारण उरलं नव्हतं. त्यांची पोरं मधल्या सुट्टीत घरी पळत राहिली. त्यांतली दोन भावंडं, थोरली चौथीतली, धाकटा पहिलीतला, लोणच्याच्या दिवशी व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. पावसानं पाऊलवाटेवर पाणी आलं होतं, घरी पळायची सोय नव्हती. आणि लिंबाचं लोणचं ही गोष्ट अशी आहे की लांबून बघता येत नाही.

"आमाला लोनचं," धाकटा म्हणाला.

हौसाबाई डबा घेऊन उभी. मी चुलीपाशी होतो. मला वाटलं, ती देईल आणि पुढं जाईल.

"नुसतं लोनचं पोटाला बरं न्हाई," ती म्हणाली. "भातासंगं मिळंल."

थोरलीनं शाळेच्या फाटकाकडं बघितलं. फाटकात कुणी नव्हतं, पाऊस होता. तिनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी फळ्यावर काहीतरी पुसत होते, फळा केव्हाच पुसला गेला होता. मग सुली ओळीत जरा सरकली. बाळ्या सरकला. दोन ताटांची जागा झाली. ताटं त्यांच्याकडं नव्हती, तर मनूनं आपलं रिकामं केलेलं धुऊन दिलं, सुलीनंही दिलं.

दोघं जेवली. धाकट्यानं दोनदा घेतलं. त्यांच्या घरी पुढं काय झालं मला माहीत नाही, पण दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा ओळीत दिसली, या वेळी स्वतःची ताटं घेऊन. दुसऱ्या घरची पोरं कधी आली नाहीत. मी त्या हंगामात शाळेत शेवटपर्यंत जात होतो आणि माझी बायको गावातली नर्स होती, तेव्हा खात्रीनं सांगू शकतो: त्या दोन भावंडांना हळद बाधल्याचं काही कानावर आलं नाही.

भात कापणीला आला तेव्हा मला भोरला काम मिळालं. तीन खणांचा डबा शाळेतच राहिला. मनू आता पुण्याला नोकरी करते, कँटीनमधे जेवते. मी डबा देऊ का विचारलं तर म्हणते, "नको बाबा, तुमचा डबा म्हणजे गावाला त्रास."

काल मी किकवीला फोन लावला. रेश्मा कंपनीच्या गाडीतच होती.

"ठरलं का, काका?"

"आरूच्या हातात ताट दे," मी म्हणालो. "आणि आठवड्यातनं एकदा सगळ्या ओळीला पुरेल एवढं लोणचं."

"आणि सासूबाईंना काय सांगू? लोक काय म्हणतील?"

मी घसा साफ करायला गेलो आणि थांबलो.

"सासूबाईंना म्हणावं, एकदा दुपारी ताट घेऊन शाळेत जा. पळीभर नका चाखू, नीट मांडी घालून बसा. आणि वाढणारी बाई आली की तिचं नाव विचारा."

"एवढंच?"

"एवढंच. मला एवढं करायला एक अख्खी लावणी लागली."